सेलेरॉन ३००ए, शिसपेन्सिल आणि रात्रभर चालणारा प्राइम९५: ओव्हरक्लॉकिंगवाले आहेत का इथे कोणी?

बीएक्सवाला (धागाकर्ता)

भाच्याने नवीन पीसी बांधला, भारीतला प्रोसेसर, पाण्याचं कूलिंग, आत रंगीबेरंगी लाइट. मला म्हणाला मामा बघ आता ओव्हरक्लॉक करतो (म्हणजे प्रोसेसर कंपनीने छापलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतो), आणि बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंगच्या मेन्यूत) गेला, तिथे एक बटनच होतं, ते दाबलं, रिस्टार्ट, झालं. गेममधे चार फ्रेम वाढल्या असतील नसतील. मी म्हटलं अरे हे काय, तर म्हणे काय म्हणजे काय, ओव्हरक्लॉक.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हा धागा काढतोय. साधारण १९९८ ते २००७ या काळात ज्यांनी ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांनी लिहा प्लीज.

माझी सुरुवात इंटेलच्या स्वस्तातल्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरपासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (प्रोसेसर आणि बोर्डातल्या देवाणघेवाणीच्या रस्त्याचा) वेग गुणिले मल्टिप्लायर. ३००ए ची बस ६६ मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर साडेचार, म्हणून ३००. मल्टिप्लायरला इंटेलने कुलूप घातलेलं, पण बस किती ठेवायची ते बोर्ड ठरवायचा, आणि ४४०बीएक्स चिपसेटचे बोर्ड १०० ला अधिकृतरीत्याच चालायचे. मग बस १०० केली की साडेचार गुणिले १०० बरोबर ४५०. यात गंमत अशी की १०० च्या बसवर पीसीआय (बाकी कार्डांचा रस्ता) बरोबर ३३ ला आणि एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा) बरोबर ६६ ला राहायचं, म्हणजे प्रोसेसर सोडून बाकी कोणालाच पत्ता नाही की काही झालंय. ऑगस्ट १९९८ मधे ३००ए बाजारात आला तो १४९ डॉलरला, आणि त्याच सुमारास आलेला पेंटियम टू ४५० होता ६६९ डॉलरला. आता तुम्हीच सांगा माणसाने काय करायचं.

ॲबिटचा बीएच६ असेल तर सॉफ्टमेन्यूत जाऊन कीबोर्डवरून बस बदलता यायची, जंपर (बोर्डावरच्या पिनांवरच्या बारीक टोप्या) काढा घाला काही नाही. पण सगळ्यांकडे बीएच६ कुठला, बरेच बोर्ड प्रोसेसर स्वतः जे सांगेल तीच बस लावायचे. त्यावर उपाय म्हणजे बी२१. स्लॉट वनच्या कार्डाला (प्रोसेसर तेव्हा कार्डावर बसवलेला यायचा) खाली जे सोनेरी दात असतात त्यातला बी२१ नावाचा एक दात झाकला की बोर्डाला वाटायचं हा १०० वालाच आहे. तो दात इतका अरुंद की सेलोटेपची पट्टी ब्लेडने कापायची, टेबललॅम्पखाली भिंग घेऊन चिकटवायची, मग कार्ड स्लॉटमधे दाबताना ती हमखास सरकायची, मग परत काढा, परत कापा. आमच्या खोलीतल्या एकाने बहिणीची नेलपॉलिश आणून लावली, ती मात्र पक्की बसली. पहिल्यांदा स्क्रीनवर ४५० उमटलं तेव्हा रात्री दोन वाजता आम्ही जो आरडाओरडा केला त्यावर वॉर्डन वर आले होते.

लिहा लोक्स.


पॉपकॉर्न_प्रेमी

आलो. बसलो. येऊ द्या.


लॅमिंग्टनकर

अहाहा बीएक्सवाले, दुखरी नस दाबलीत 😀

आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जायचो ते खिशात कागद घेऊन, त्यावर नेटवरून उतरवलेला एस-स्पेक (प्रोसेसरवर छापलेला इंटेलचा कोड), एसएल२डब्ल्यूएम. आणि मलेशियात बनलेला घ्यायचा की कोस्टारिकात बनलेला यावर आख्खी लोकल भांडत यायची. दुकानदार आधी वैतागायचे, "सब सेम है भाई, डब्बा खोलने का नहीं, लेना है तो लो". वर्षभरात तेच शहाणे झाले. गल्लीतल्या एकाने तर लावून बघून वेगळे ठेवायला सुरुवात केली, ४५० ला चालतो ना मग पाचशे रुपये जास्त दे. म्हणजे फुकटच्या मालावर प्रीमियम, आणि आम्ही द्यायचो पण.

बादवे ते मल्टिप्लायरचं कुलूप उगाच नव्हतं आलं. त्याआधी पेंटियमच्या काळात चिपवरचा छाप खरवडून वरचा आकडा छापायचे आणि जास्त किमतीला विकायचे, रिमार्किंग म्हणायचे त्याला. गिऱ्हाइकाला कळायचंच नाही की आपण ओव्हरक्लॉक केलेलं मशीन वापरतोय. ते बंद करायला कुलूप घातलं असं इंटेलचं म्हणणं. आम्ही स्वतः करत होतो तेच दुकानदाराने न सांगता केलं की फसवणूक, एवढाच काय तो फरक 😛


दोन_बी

३००ए च्या वेळी मी शाळेत होतो, माझं दैवत एएमडीचा ड्युरॉन ६००. साल २०००, आणि हत्यार शिसपेन्सिल.

एएमडीने सॉकेट ए च्या (म्हणजे ड्युरॉन-ॲथलॉनच्या) चिपवर एल१ नावाचे बारीक सोनेरी ठिपके जोडीजोडीने ठेवले होते, फॅक्टरीत त्यांच्यातला दुवा तोडून मल्टिप्लायर बंद करायचे. पण ठिपके वरच, उघडे! पेन्सिलीचं ग्राफाइट वीज वाहून नेतं, त्यामुळे दोन ठिपक्यांच्या मधे रेघ ओढली की दुवा जुळला आणि कुलूप उघडलं. एचबी कडक पडायची, टूबी बेस्ट. टोक काढून काढून सुईसारखं करायचं, रेघ ओढायची, शेजारच्या जोडीला लागता कामा नये, लागली तर खोडरबर नाही, सुक्या टूथब्रशने झटकायची. आमच्याकडे यावर अप्सरा विरुद्ध नटराज असे दोन पंथ होते आणि दोन्हीकडचे लोक सिरियस होते.

आणि हे करावंच लागायचं कारण त्या वेळचा व्हियाचा केटी१३३ चिपसेट बस वर ढकलून द्यायचाच नाही, ११० च्या आसपास गेलं की रडायला लागायचा. म्हणून बस १०० च ठेवून मल्टिप्लायर सहाचा नऊ. ६०० चा ९००. पावसाळ्यात कधीकधी एखादी रेघ दगा द्यायची, मशीन परत ६०० दाखवायचं, की हिटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढा, पेस्ट पुसा, पेन्सिल घ्या.

पुढे ॲथलॉन एक्सपी आला त्यात एएमडीने दुव्यांच्या जागी लेझरने खड्डेच पाडले. मग आधी खड्डा सुपरग्लूने बुजवा आणि वरून गाडीच्या काचेचा डिफॉगर दुरुस्त करायचा वीजवाहक रंग लावा असे प्रकार सुरू झाले. तो रंग आमच्या गावात मिळेना.


विदर्भ_मेल

तुम्ही मुंबई-पुण्याचे लोक. अकोल्यात करून दाखवा.

आमच्याकडे सेटिंगची दोन पानं होती वहीत, एक हिवाळ्याचं एक उन्हाळ्याचं. साधं गणित आहे ना, हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊच शकत नाही, खोली वर गेली की तोही तेवढाच वर. डिसेंबरमधे पहाटे खिडकी उघडी टाकून जे २२०० ला मख्खनसारखं चालायचं ते मे महिन्यात ४५ डिग्रीला दुपारी दोन वाजता विंडोज उघडता उघडता निळं. मग बाबांचा वाळ्याचा कूलर कॅबिनेटकडे वळवायचा, त्यावर घरात भांडण, आणि कूलरची दमट हवा आत गेली की वेगळीच भीती. त्यात लोडशेडिंग. प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन बघणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालला तर सेटिंग पक्कं असा आपला नियम, इथे सहा तास सलग वीज असेल तर शपथ. मी प्राइम९५ ची वेळ एमएसईबीच्या वेळापत्रकाप्रमाणे लावायचो.

प्रोसेसर होता बार्टन, ॲथलॉन एक्सपी २५००+. बस १६६ ची २०० केली की ११ गुणिले २०० म्हणजे २२००, आणि हाच तर ३२००+ चा वेग. बायोससुद्धा बूट होताना ॲथलॉन एक्सपी ३२००+ असं लिहायचा. त्यालाही माहीत नाही कोण आहे तो 😂


अतिशहाणा

सगळं वाचलं. एक प्रश्न, राग नको. एवढं करून केलं काय त्या ४५० चं? विनॲम्प आणि वर्डच ना? पैसे वाचवायचा उद्योग होता, तो करताना मजा आली, बस. आता त्याला काय भक्तिमार्ग करायचा.


दोन_बी

@अतिशहाणा काउंटर स्ट्राइक. पुढचा प्रश्न.


बीएक्सवाला

@अतिशहाणा, पैसे वाचले हे खरंच, नाकारत नाही, बाबांनी दिलेल्या बजेटात पेंटियम टू ४५० बसणं शक्यच नव्हतं. पण नुसते पैसे म्हणाल तर मग ४५० झाल्यावर आम्ही थांबायला हवं होतं. थांबलं कोण? ४५० झालं की ४६४, मग ५०४ ला विंडोज उघडतंय पण गेम पडतो, मग व्होल्टेज २.० चं २.२, मग पंखा मोठा. सुपरपाय लावून पायचे दहा लाख अंक किती सेकंदात येतात ते बघायचं आणि अर्धा सेकंद वाचला म्हणून शेजारच्या खोलीत जाऊन सांगायचं. मला वाटतं खरी मजा त्यात होती की कंपनीने चिपवर छापलेला आकडा हा शेवटचा शब्द नाही हे आपल्याला कळलंय आणि विकणाऱ्याला कळलेलं नाही. ती मधली फट होती, आम्ही त्यात राहत होतो.


सिलिकॉनताई

या फटीबद्दल मी बोलू शकते, बरीच वर्षं चिप टेस्टिंगमधे काढली आहेत (कंपनी सांगणार नाही, विचारू नका).

एकाच सिलिकॉनच्या तबकडीवरच्या चिप एकसारख्या निघत नाहीत. टेस्टरवर प्रत्येक चिप सगळ्यात वाईट परिस्थितीत चालवून बघतात, जास्तीत जास्त तापमान, कमीत कमी व्होल्टेज, वर थोडी सुरक्षेची जागा सोडतात, आणि मग ठरतं ही कोणत्या खान्यात. याला बिनिंग. पण खाना फक्त चिपच्या कुवतीवर ठरत नाही, मागणीवरही ठरतो. बाजाराला स्वस्त माल लाखांनी हवाय आणि तुमची प्रोसेस इतकी बसलीये की बहुतेक चिप वरच्याच वेगाच्या निघतायत, तर वरच्या वेगाच्या चिपवर खालचा आकडा छापूनच विकावं लागतं. दुसरं काय करणार.

३००ए मधे नेमकं हेच झालं होतं. ०.२५ मायक्रॉनच्या ज्या प्रोसेसवर तो निघाला त्याच प्रोसेसवर ४५० चे पेंटियम टू निघत होते. वर कॅशेची (प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान मेमरीची) मजा बघा. पेंटियम टू ची ५१२ केबी कॅशे ही कार्डावर वेगळ्या चिपमधे होती आणि प्रोसेसरच्या अर्ध्या वेगाने चालायची. त्याआधीच्या पहिल्या सेलेरॉनला ही (एल२) कॅशेच नव्हती, त्यावरून इंटेलला लोकांनी इतकं धुतलं की ३००ए मधे १२८ केबी कॅशे थेट प्रोसेसरच्याच सिलिकॉनमधे घातली, पूर्ण वेगाने चालणारी. म्हणजे ४५० केलेल्या ३००ए ची कॅशे ४५० ला आणि खऱ्या पेंटियम टू ४५० ची २२५ ला. लहान पण दुप्पट वेगवान. गेममधे दोघं जवळजवळ बरोबरीत यायचे ते म्हणून, तुमच्या नेलपॉलिशमुळे नाही 🙂

आणि आता ती फट का राहिली नाही तेही सांगते. २००८ च्या शेवटी इंटेलच्या नेहेलम पिढीत टर्बो बूस्ट आला, चिप स्वतःच तापमान आणि करंट बघून वर जायला लागली. जी सुरक्षेची जागा आम्ही सोडायचो आणि तुम्ही खायचात ती चिपच खाते आता. मग २०११ मधे सँडी ब्रिज पिढीत सगळी घड्याळं (वेग ठरवणारे ठोके), पीसीआय एक्सप्रेस, साटा, सगळं एकाच १०० मेगाहर्ट्झला बांधलं, बस वाढवायला गेलात तर दोनचार टक्क्यांत सगळंच कोलमडतं. राहिला मल्टिप्लायर, तो पैसे मोजून के अक्षरवाल्या चिपमधे. थोडक्यात ओव्हरक्लॉकिंग कंपनीने विकायला काढलं.


लॅमिंग्टनकर

ताई __/\__ इतकी वर्षं एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आमचे गल्लीतले शेठ पाचशे रुपये घेत होते ते मॅन्युअल बिनिंगचे म्हणायचे 😂


हडसनकाठचा

मी १९९९ ला वायटूकेच्या (२००० सालासाठी जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायच्या कामांच्या) लाटेत न्यू जर्सीत आलो. ऑफिसात कोबोल, घरी बीपी६. ॲबिटचा दोन सॉकेटवाला बोर्ड, दोन स्वस्त सेलेरॉन एकत्र लावायचे! इंटेलच्या मते सेलेरॉन जोडीने चालणं अपेक्षितच नव्हतं. लोक दोन ३६६ घ्यायचे आणि १०० च्या बसवर दोन्ही ५५० ला पळवायचे. विंडोज ९८ ला दोन प्रोसेसर कळायचे नाहीत म्हणून विंडोज एनटी टाकायचा, नंतर २०००. वीकेंडला हॉटेलच्या हॉलमधे कॉम्प्युटर शो लागायचे, तिथे तैवानी विक्रेते खोक्यांत सेलेरॉन घेऊन बसलेले आणि पुढे रांगेत निम्मे देसी, पायात बर्फाचे बूट, तोंडी "अहो हा कोस्टारिका आहे का बघा".

दोन प्रोसेसरचं काम काय विचाराल तर सेटी ॲट होम. मे १९९९ ला सुरू झालं होतं, रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत परग्रहवासीयांचा सिग्नल शोधायचा. आमच्या अपार्टमेंटमधले चौघे कोण जास्त युनिट संपवतो यावर पिझ्झा लावायचे. परग्रहवासी सापडले नाहीत, पण हिवाळ्यात त्या खोलीत हीटर कमी लावावा लागायचा.


पुणेरी_पंखा

पंख्यांबद्दल कोणीच कसं बोलत नाहीये? डेल्टाचा तो ६० मिमीचा जाडजूड पंखा आठवतोय का, सात हजार आरपीएम? मिक्सर बरा. आमच्या वाड्यात समोरच्या काकूंनी विचारलेलं, एवढ्या रात्री काय दळताय.

आणि सॉकेट ए चे हिटसिंक बसवणं! क्लिप इतकी टणक की स्क्रूड्रायव्हरने दाबून खाली अडकवायला लागायची, तो सटकला की थेट बोर्डावर ओरखडा, ट्रेस तुटली, बोर्ड गेला. बरं प्रोसेसरवर झाकण नाही, मधे उघडा सिलिकॉनचा चौकोन, हिटसिंक तिरका टेकला की कोपऱ्याचा टवका उडाला. मित्राच्या थंडरबर्डचा (एएमडीच्या एका ॲथलॉनचा) उडाला होता. त्या थंडरबर्डला स्वतःला वाचवायची काही सोयही नव्हती. २००१ मधे टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने व्हिडिओ काढलेला ना, चालू मशीनवरून हिटसिंक उचलतात, पेंटियम ४ नुसता हळू होतो आणि ॲथलॉनमधून धूर. आम्ही तो डायलअपवर उतरवून सीडीवर घालून वाटला होता.


अतिशहाणा

ठीक आहे, सिलिकॉनताईंचा प्रतिसाद वाचून मत थोडं बदललं. थोडंच.

पण डेटा जायचा त्याचं काय? सगळे कसे जिंकल्याच्याच गोष्टी सांगतायत.


दोन_बी

डेटा जायचा. त्याचा मान ८३ मेगाहर्ट्झच्या बसला. पेंटियम एमएमएक्सच्या जुन्या बोर्डांवर जंपरने ७५ आणि ८३ मिळायचं, पण तिथे पीसीआय म्हणजे बसच्या निम्मं, ८३ चं निम्मं साडेएकेचाळीस, हवं तेहतीस. हार्डडिस्कचा कंट्रोलर त्या पीसीआयवरच. मशीन झकास चालायचं, आणि हळूहळू फायलींमधे कचरा जमायचा, कोणाला कळायचंही नाही. माझ्या मोठ्या भावाच्या रूममेटचा फायनल इयरचा रिपोर्ट असा गेला. उघडला तर पहिली चाळीस पानं नीट आणि पुढे स्माइली आणि पत्त्यातले बदाम.


रायझनबाळ

मी २००३ चा, म्हणजे जन्म 🙈 काका लोकांनो, एक सांगू का, फट अजून आहे, उलटी झालीये. आता आम्ही अंडरव्होल्ट करतो. कंपनी चिप आधीच टोकाला नेऊन विकते, मग आम्ही व्होल्टेज खाली खाली आणत बघतो तोच वेग किती कमी विजेत मिळतो. लॅपटॉप थंड, पंखा शांत. तेच करायचं, एक पायरी, टेस्ट, क्रॅश, परत. २०२४ मधे इंटेलच्या तेराव्या चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे खराब व्हायला लागले आणि मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं) अपडेट काढावं लागलं ते वाचलं असेल. आधी तुम्ही चिप जाळायचात, आता फॅक्टरी सेटिंगच जाळतं.


सिलिकॉनताई

@रायझनबाळ गुणी आहेस. आणि प्रत्येक चिपची खालची मर्यादाही वेगळी असते, तेही बिनिंगच, फक्त उलट्या टोकाकडून.


बीएक्सवाला

भाच्याला हा धागा पाठवला. त्याने पूर्ण वाचला म्हणतोय. मग विचारलं की "मामा, एसएल२डब्ल्यूएम लिहिलेलं कार्ड अजून आहे का". आहे! बीएच६ पण आहे. त्याला चालू करून बघायचंय. वीसेक वर्षं बंद असलेला बोर्ड, थेट वीज द्यायची का?


हडसनकाठचा

थेट अजिबात देऊ नका. आधी कपॅसिटर बघा, त्या काळात खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर कितीतरी कंपन्यांच्या बोर्डांवर गेले होते. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर बदलायचे. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीवाले, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). काढण्याआधी फोटो काढा, निगेटिव्हची खूण काही बोर्डांवर उलटी छापलेली असते. सीआर२०३२ (बोर्डावरचा बटन सेल) नवीन घाला. आणि आजचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावणार असाल तर आधी त्याची ५ व्होल्टची लाइन किती अँपिअरची आहे ते स्टिकरवर बघा, जुने बोर्ड प्रोसेसरसाठी तिथूनच वीज ओढायचे.


लॅमिंग्टनकर

हार्डडिस्कच्या नादी लागू नका, आयडीई टू सीएफ ॲडाप्टर घ्या आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर ९८ टाका. ३२ जीबीच्या आतलंच घ्या हां, जुन्या बायोसला त्याच्या वरचं पचत नाही, बूटच अडकतं. ॲडाप्टर माझ्याकडे एक पडून आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.